तिसऱ्यांदा विचारीपर्यंत

एप्रिलच्या सुरुवातीला आलेले बर्नी श्लेपरचे पत्र ऑरिन ट्वेट यांनी पावाच्या डब्याला टेकवून उभे केले होते. त्याला उत्तर द्यायचे राहिले होते. राहिले होते म्हणजे विसरले होते असे नाही. रोज सकाळी पाव काढताना ते पत्र आडवे पडे, ट्वेट ते उचलून पुन्हा उभे करीत, आणि त्यांची बायको मार्डेल टोस्टला लोणी लावता लावता एवढेच म्हणे, "आज?" ट्वेट म्हणत, "बघू."

पत्र अगदी छोटे होते. बर्नी श्लेपर हा शेजारच्या सेंट ओडिलो गावच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर. त्याने लिहिले होते की आमच्याकडे एक डावखुरा पिचर जास्तीचा आहे, माझा मुलगा लेरॉय. तुमच्या विलो फोर्कला चेंडू टाकणारा हवा असावा असे वाटते. हवा असल्यास न्यावा. बदल्यात एखादा गडी देता आला तर बरे, न देता आला तरी राग नाही.

विलो फोर्कला पिचर हवा होता यात शंकाच नव्हती. पण पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस मिनेसोटाच्या त्या भागात अजून जन्माला यायचा होता. कॉफी घेणार का, असे कुणी विचारले की नको म्हणायचे. पुन्हा विचारले की उगाच तुम्हाला त्रास, म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारले की केलेलीच असेल तर अर्धा कप, असे म्हणून दोन कप प्यायचे. ही रीत लहान मूलसुद्धा पाळत असे. पण ती सगळी तोंडी चालायची. पत्राचे काय करायचे हे कुणी ठरवून ठेवले नव्हते. हो लिहावे, तर माणूस अधाशी ठरतो. नको लिहावे, तर ते कागदावर कायमचे नको होऊन बसते. ट्वेट यांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली होती आणि शाळेचे वाचनालय सांभाळले होते, पण 'नको, म्हणजे तसे हवेच, पण पुन्हा एकदा विचारा' हे सभ्य वाक्यात कसे लिहावे हे काही त्यांना साधत नव्हते.

ट्वेट संघाचे चिटणीस होते. धावा मांडणे, पत्रे लिहिणे, आणि दर वर्षी हंगामाआधी संघाची स्थिती सांगणारा अहवाल वाचणे, ही त्यांची कामे. खेळले ते कधीच नव्हते. शाळेत असतानाही नव्हते. पण बाकावर धावांची वही मांडीवर घेऊन बसले की आजूबाजूला दहा-बारा माणसे असत, सगळ्यांचे लक्ष मैदानावर असे, आणि कुणालाही ट्वेट यांनी काही बोलावे अशी अपेक्षा नसे. ज्या माणसाला चर्चच्या दारात दोन शब्द बोलायचे म्हटले तरी घाम फुटे, त्याला माणसांत बसायला मिळणारी जगातली ही एकच जागा होती. ती जाईल की काय, ही भीती त्या वर्षी त्यांना पहिल्यांदा वाटू लागली.

झाले असे की चर्चच्या तळघरात अहवाल वाचताना ते पिचिंगपाशी आले. त्यांचे अहवाल गावात प्रसिद्ध होते. कुणाचेही मन न दुखवता सगळे सांगायचे, अशी त्यांची पद्धत असल्यामुळे ते ऐकून कुणालाच काही कळत नसे. आमच्या कॅचरचे गुडघे अनुभवी आहेत, असे ते वाचीत. उजव्या कोपऱ्यातला गडी चेंडूच्या मागे उगाच घाई करीत नाही. पहिल्या बेसवरचा गडी उंच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉप कर्टिसबद्दल तक्रारीला जागा नाही, एवढे म्हटल्यावर कर्टिस लाजून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, कारण विलो फोर्कमध्ये याहून मोठी स्तुती कुणी कुणाची केलेली नव्हती. मग ट्वेट यांनी पान उलटले आणि म्हणाले, "पिचिंगमध्ये सुधारणेला वाव आहे."

सगळ्यांनी वेंडेलकडे पाहिले. संघाला पिचर होता तो हा एकच. वय चाळिशीच्या पुढे, उजवा खांदा संपत आलेला. वेंडेलने कॉफीचा कप डाव्या हाताने खाली ठेवला.

"जून संपेपर्यंत टाकीन," तो म्हणाला. "पुढचं माझ्या गाईंना विचारा. त्यांची धार मला याच हातानं काढावी लागते."

"आणि जुलैपासनं?" मॅनेजर हार्लन सोलेमने विचारले.

वेंडेलने खांदे उडवायचा प्रयत्न केला. एकच उडला.

म्हणजे जूनअखेर दुसरा पिचर आला नाही, तर जुलैत संघ मोडणार होता. हार्लन ट्वेट यांचा जुना विद्यार्थी. अजूनही त्यांच्यासमोर उभा राहून बोलत असे. त्याने विचारले की गावोगावच्या संघांच्या लीगमध्ये कोण मिळण्यासारखे आहे. ट्वेट यांनी हिवाळाभर याच गोष्टीचा अभ्यास केला होता. ग्रोव्हर लेकचा पिचर चांगला होता, पण तो धान्याच्या कोठारावर कामाला असल्याने फक्त पाऊस पडला तरच मोकळा होई, आणि पाऊस पडला की सामनाच होत नसे. अल्ब्यूचा पिचर भन्नाट वेगाने टाकी, मात्र कुठल्या दिशेने हे त्यालाही सांगता येत नसे. राहिला लेरॉय श्लेपर. सेंट ओडिलोकडे दोन नावाजलेले पिचर असल्याने तो बाकावरच असे. बाप मॅनेजर असल्यामुळे त्याला पुढे करता येत नव्हते. केले असते तर गाव काही बोलले नसते, आणि ते न बोलणेच बर्नीला सोसले नसते. पण मागच्या ऑगस्टमध्ये एका हरलेल्या सामन्याच्या शेवटी बर्नीने त्याला थोडा वेळ उभे केले होते, आणि ट्वेट यांनी ते पाहिले होते.

"कसा आहे?" हार्लनने विचारले.

"वाईट नाही," ट्वेट म्हणाले. त्यांना म्हणायचे होते त्यातले एवढेच बाहेर आले.

पत्र आल्याचे सांगितल्यावर हार्लनला आनंद झाला. पण लगेच उत्तर धाडू नये असेच त्याचेही मत पडले. बर्नी पुन्हा विचारीलच, तेव्हा बघू. एक अडचण मात्र होती. खेळाडू एका गावातून दुसऱ्या गावात जायचा असेल तर दोन्ही संघांची लेखी संमती लागे, आणि तिच्यावर जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का लागे. सेंट ओडिलोची संमती बर्नीच्या पत्रात आलीच होती; राहिली होती विलो फोर्कची. तोंडी होकार लीग मानीत नसे. या भागात तोंडी होकार कधी नकार असतो आणि तोंडी नकार कधी होकार, हे लीगला अनुभवाने कळलेले होते.

मे महिन्यात पहिला सामना सेंट ओडिलोच्या मैदानावर झाला. विलो फोर्क व्यवस्थित हरले. सामन्यानंतर बर्नी कुंपणाशी येऊन उभा राहिला. मोठा, लाल चेहऱ्याचा, हार्डवेअरच्या दुकानामुळे खिशात कायम खिळे असलेला माणूस. दोघांनी आधी मक्याच्या पेरणीबद्दल बोलून घेतले.

"ते पत्राचं," बर्नी म्हणाला.

"मिळालं, मिळालं. अक्षर सुरेख आहे तुमचं."

"बायकोनं लिहिलंय. लेरॉय मोकळाच आहे, मास्तर. तुमच्या कामाला येईल."

ट्वेट यांनी धावांची वही बगलेत सारली. "नको हो," ते म्हणाले. "तुमचीच अडचण व्हायची. एखादा पिचर आजारी पडला म्हणजे?"

बर्नीने मान डोलावली, खिशातले खिळे खुळखुळवले आणि तो निघून गेला. ट्वेट घरी आले ते खुशीत. दोनदा झाले, आता एकदाच राहिले, असे त्यांनी मार्डेलला सांगितले. मार्डेल बटाटे सोलत होती. तिने सुरी थांबवली.

"दोनदा कसं?"

"एक पत्रातनं, एक आज."

"पत्राला तू नको म्हणालास?"

"उत्तरच दिलं नाही."

"मग ते नको म्हणणं कसं झालं? तो नुसता आळस झाला. नको म्हटल्याशिवाय विचारलेलं मोजत नाहीत. आज पहिल्यांदा नको म्हणालास तू."

ट्वेट खुर्चीत बसले. गप्प बसणे हा एक प्रकारचा सौम्य नकारच नव्हे काय, असे त्यांनी म्हणून पाहिले, पण त्यांचे त्यांनाच ते पटेना. प्रश्न आपण कसे मोजतो हा नव्हता. बर्नी कसे मोजतो हा होता. आणि सेंट ओडिलोचे कॅथलिक लोक कसे मोजतात हे विलो फोर्कच्या लूथरन माणसाला कुठून कळणार? मार्डेलने उरलेले बटाटे जरा जास्तच जाड सालीचे सोलले.

पुन्हा विचारायला बर्नी आला पाहिजे, आणि त्याला यायला निमित्त पाहिजे, हे मार्डेलने ओळखले. तिने झाकणाच्या काचेच्या भांड्यात गोमांस, बटाटे आणि मशरूमच्या सूपचे हॉटडिश भाजून सेंट ओडिलोला श्लेपरबाईंकडे नेऊन दिले. भांडे परत करायला बर्नी येईल, आणि आला की विचारील. पण भांडे आले ते कर्टिसबरोबर. कर्टिस शॉर्टस्टॉप असला तरी पोटापाण्यासाठी सेंट ओडिलोच्या लोण्याच्या कारखान्यात कामाला जाई. आणि भांडे रिकामे परत करायचे नसते, म्हणून त्यात आलुबुखाराचा केक होता. आता मार्डेलला ते रिकामे ठेवून चालणार नव्हते. तिने ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड पाय-पेस्ट्री धाडली. तिकडून सॉसेज आणि आंबवलेला कोबी आला. इकडून रानतांदळाचा भात गेला. भांडे आठवड्यातून दोनदा कारखान्याच्या वाटेने ये-जा करू लागले. दोन्ही घरांतली माणसे जाड होत चालली, आणि पिचर होता तिथेच होता.

जूनच्या मध्यावर भांड्याबरोबर निरोप आला. कर्टिसने तो दारातच सांगितला: बर्नीकाका म्हणाले, बदल्यात काहीच नको, लेरॉयला असाच घेऊन जा. बर्नीला वाटले होते की आपण बदल्यात गडी मागितला म्हणून मास्तर अवघडले.

या निरोपाने विलो फोर्क खरोखर अवघडले. हार्लन धार काढायची सोडून ट्वेट यांच्या ओसरीवर आला.

"फुकट घ्यायचा? आपण काय कटोरा घेऊन बसलोय? आता काहीतरी देऊ करावंच लागेल, मास्तर."

"कुणाला देऊ करायचं?"

हार्लनने विचार करून ठेवला होता. उजव्या कोपऱ्यातला गडी देऊ केला तर तो अपमान होईल, आणि कदाचित सूडही ठरेल. पहिल्या बेसवरचा उंच गडी देऊ केला तर ते विचारात पडतील. नको म्हणायला सोपे जावे असे काहीतरी द्यायला हवे. "म्हणून कर्टिस," तो म्हणाला. "कर्टिस देतो म्हटल्यावर ते नको, नको म्हणणार. मग आपण म्हणायचं, बरं, तुमचा आग्रहच आहे तर लेरॉय घेतो. कुणाचंच काही जात नाही."

यात काहीतरी चुकते आहे असे ट्वेट यांना वाटले. पण काहीतरी चुकते आहे असे त्यांना नेहमीच वाटत असल्यामुळे त्या वाटण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

"आणि ते हो म्हणाले तर?" त्यांनी भीत भीत विचारले.

"मास्तर," हार्लन दयेने म्हणाला, "हो कोण म्हणतं?"

हार्लनने सेंट ओडिलोला फोन केला. बर्नी तळ्यावर मासे धरायला गेला होता. फोन घेतला सॅलने. सॅल न्यू जर्सीहून आलेला, लोण्याच्या कारखान्यात हिशेब बघायचा. आपल्याला संघात मदत करू द्याल का, असे त्याने एकदा विचारले होते, आणि कुणाला त्याला नाही म्हणता न आल्यामुळे तो दुय्यम मॅनेजर होऊन बसला होता. हार्लनने त्याला सांगितले की आम्ही कर्टिस द्यायला तयार आहोत.

"वा, झकास," सॅल म्हणाला. "पाठवा त्याला."

हार्लन फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. आपल्याला अजून दोन वेळा आग्रह करायचा आहे हे सांगण्याची एक जागा असते. ती कुठे गेली ते त्याला समजेना. तासाभराने सॅल स्वतः कागद घेऊन त्याच्या दारात आला. कॉफी घेणार का म्हटल्यावर हो म्हणाला. बशीत खजुराच्या वडीचा शेवटचा तुकडा होता, जो कुणी कधी खात नाही, तो कुणी आग्रह करायच्या आतच खाऊनही टाकला. मग खिशातून पेन काढून दिले. एवढ्या लांब आलेल्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून हार्लनने सही केली. त्या संध्याकाळच्या टपालाने कागद गेला.

तेलही गेले आणि तूपही गेले. पिचर आला नव्हता, आणि ज्याच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती तो एकमेव गडी गेला होता. "गाईची किंमत देऊन आलो," हार्लन ट्वेट यांना म्हणाला, "आणि गाय त्यांच्याच गोठ्यात बांधून आलो." मार्डेलला कळले तेव्हा ती तळघरात गेली, आणि बराच वेळ बरण्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवल्याचा आवाज येत राहिला.

पुढच्या रविवारी कर्टिस सेंट ओडिलोच्या पोशाखात विलो फोर्कविरुद्ध खेळला. वेंडेलचा चेंडू त्याने मैदानापार मारला आणि चारही बेसना वळसा घालताना प्रत्येक बेसवरच्या गड्याची माफी मागत आला. वेंडेलने खांदा चोळत त्याला सांगितले की छान मारलास, आईला नमस्कार सांग. सामना संपल्यावर ट्वेट गाडीत बसत होते, तोच बर्नी जवळ आला. टोपी हातात. कर्टिस हातात पडल्याची त्याला लाज वाटत होती हे दिसत होते. तो बराच वेळ मागच्या चाकाकडे बघत राहिला.

"हवा कमी आहे," तो अखेर म्हणाला.

"आहे खरी," ट्वेट म्हणाले.

"भरून घ्या."

आणि तो गेला. हे विचारणे होते की नव्हते, यावर ट्वेट यांनी घरी येईपर्यंत विचार केला. नव्हते, असे त्यांनी ठरवले. चाकात हवा खरेच कमी होती.

जूनचा शेवटचा दिवस शनिवारी आला. दुपारी जेवणे होऊन भांडी विसळून झाली होती, इतक्यात दारासमोर श्लेपरची पिकअप गाडी येऊन थांबली. बर्नी उतरला तो काचेचे भांडे घेऊन. गाडीत लेरॉय बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली, मांडीवर हातमोजा. ट्वेट ओसरीवर पुढे झाले. बसायला सांगितले, बर्नी उभाच राहिला. मका गुडघ्याएवढा झाल्याचे दोघांनी मान्य केले. पाऊस हवा, पण फार नको, हेही मान्य केले.

"मास्तर, लेरॉयला आणलाय," बर्नी म्हणाला. "आज शेवटचा दिवस. तुम्ही म्हणत असाल तर त्याचं सामानही गाडीत आहे."

ट्वेट यांनी गाडीकडे पाहिले. हो हा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला. पण तेवढ्यात त्यांना मार्डेलचे बटाटे आठवले. पत्र मोजायचे नाही, दुसऱ्याच्या तोंडी आलेला निरोप तर नाहीच. म्हणजे हे दुसरे विचारणे. दुसऱ्या विचारण्याला, पोराचे सामान दारात आलेले असताना, झडप घातल्यासारखे हो म्हणायचे? आणि तेही कर्टिसच्या बदल्यात मिळाल्यासारखे? अजून एकदा तो विचारील, मग म्हणू.

"नको हो," ते म्हणाले. "त्याला रोज एवढ्या लांब यायचं म्हणजे उगाच त्रास."

बर्नीने भांडे ओसरीच्या कठड्यावर ठेवले. मग म्हणाला, "तीनदा विचारलं मी, मास्तर. पत्र धरून, निरोप सोडून. पोरात कमी असेल काही, तर तसं सांगा. मी बाप आहे, पण मलाही दिसतं."

"कमी?" ट्वेट म्हणाले. तोंड उघडे राहिले, हात अर्धवट वर गेला. बर्नीने तो निरोपाचा समजून आपलाही हात वर केला आणि तो गाडीकडे गेला. गाडी वळताना लेरॉयने टोपीच्या कडेला एक बोट लावून मास्तरांना रामराम केला. तो रामराम ट्वेट यांना फार लागला.

मार्डेल जाळीच्या दारात उभी होती. तिने कठड्यावरचे भांडे उचलले. आत सफरचंदाचे स्ट्रुडल होते, अजून कोमट.

"काय म्हणत होता?"

"लेरॉयला घेता का म्हणून."

"आणि?"

"मला वाटलं दुसऱ्यांदाच विचारतोय. तूच म्हणाली होतीस, पत्र मोजायचं नाही म्हणून."

मार्डेलने भांडे टेबलावर ठेवले. एरवी ती काही ठेवी तेव्हा आवाज होत नसे.

"ऑरिन," ती म्हणाली, "तू मला लग्नाचं विचारलंस आणि मी हो म्हटलं, तेव्हा तू काय म्हणाला होतास आठवतं? 'नक्की ना? उगाच तुला त्रास नको.' माझी आई दाराआड हसत होती. मी बेचाळीस वर्षं गप्प बसले. पण तो माणूस आज स्वतःच्या पोराला गाडीत घालून घेऊन आला होता, आणि तू त्याच्या तोंडावर नको म्हणालास. आता बस खाली."

तिने पावाच्या डब्याजवळचे पत्र उचलून त्यांच्यासमोर ठेवले. शेजारी कोरा कागद आणि पेन. विलो फोर्कचे पोस्ट शनिवारी दुपारीच बंद होई. पण सेंट ओडिलोची पेटी चार वाजता उघडत. म्हणजे वेळ होता, फार नव्हता.

ट्वेट यांनी उत्तराला उशीर झाल्याबद्दल दिलगिरीने सुरुवात केली आणि यंदाच्या लांबलेल्या थंडीवर आले. मार्डेलने खांद्यावरून वाचले आणि कागद काढून घेतला. दुसऱ्या कागदावर ते आपण या बाबतीत मत द्यायला कितपत पात्र आहोत यावर दोन ओळी लिहून बसले. तिने तोही घेतला.

"हो लिही."

"नुसतं?"

"आधी हो लिही. मग पोरगा कसा आहे ते लिही. मला सांगतोस तसं. हिवाळाभर माझे कान किटवलेस त्या एका चेंडूनं, त्यातलं त्याच्या बापाला काय सांगितलंस? 'वाईट नाही'?"

ट्वेट यांनी लिहिले: 'होय. लेरॉय आम्हाला हवा आहे. त्याच्यात काहीही कमी नाही. मागच्या ऑगस्टमध्ये त्याने टाकलेला शेवटचा चेंडू फलंदाजाजवळ येऊन असा काही वळला, की तो वहीत कसा मांडावा हे मला कळले नाही. मी हिवाळाभर तो आठवत होतो. असा पिचर मी आजवर पाहिला नव्हता. ऑ. ट्वेट.' लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचले आणि त्यांचे कान तापले. शेवटचे वाक्य जरा सौम्य करावे असे त्यांच्या मनात आले, पण मार्डेलने पाकीट चिकटवूनही टाकले होते.

सेंट ओडिलोच्या रस्त्यावर पुढे एक गवताची गाडी ओढणारा ट्रॅक्टर निघाला. रस्ता अरुंद. ट्रॅक्टरवाल्याने मागे पाहून हाताने खूण केली, पुढे जा. एरवी ट्वेट यांनी हातानेच तुम्ही चला म्हटले असते, त्याने पुन्हा जा म्हटले असते, आणि दोघे एकमेकांना वाट देत गावापर्यंत गेले असते. ट्वेट पहिल्याच खुणेला पुढे गेले. आरशात ट्रॅक्टरवाला उठून उभा राहिलेला दिसला. काहीतरी आजारपण असावे असे त्याला वाटले असणार.

टपालाची पेटी नेमकी बर्नीच्या दुकानासमोर होती. ट्वेट गाडीतून उतरले, तोच बर्नी दारात आला. त्याच्या मागे काउंटरपाशी लेरॉय खिळे तोलत उभा होता. पिकअप गाडीत सामान तसेच होते.

"मास्तर? काही विसरलं का आमच्याकडनं?"

"पत्र टाकायचंय."

बर्नीची नजर पाकिटावर गेली. वर त्याचेच नाव होते, ट्वेट यांच्या शाळामास्तरी वळणदार अक्षरात, अगदी ठसठशीत. त्याने एकदा नावाकडे पाहिले, एकदा ट्वेट यांच्याकडे, आणि मोठा हात पुढे केला.

"द्या ना इथंच. कशाला टपालाला त्रास."

"नको," ट्वेट म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच नको होता, ज्याचा अर्थ नको असा होता. "याच्यावर आजचा शिक्का हवा."

बर्नीचा हात तसाच राहिला. मग तो हळूहळू खाली आला आणि खिशातले खिळे खुळखुळवू लागला. दुकानात खिळे तोलायचा आवाज थांबला. बर्नीला काहीतरी बोलायचे होते, पण अशा वेळी बोलायचे असते ते एकच वाक्य त्याला येत होते.

"मग कॉफी तरी घेणार?"

"घेईन," ट्वेट म्हणाले.

बर्नी गडबडला. अजून दोनदा विचारायचे होते; तेवढ्यात पाणी उकळते, असा त्याचा आजवरचा हिशेब होता.

"अजून ठेवली नाहीये," तो ओशाळून म्हणाला.

"ठेवा सावकाश. मी थांबतो," ट्वेट म्हणाले, आणि त्यांनी पत्र पेटीत टाकले.